कांद्याची पिशवी आणि विमानातली उशी

मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसला नाशिकरोडवरून सकाळी चढणारी रोजची मंडळी बघा कधी. देवळालीपर्यंत गप्पा, डबा, पेपर वगैरे चालतं आणि इगतपुरी यायच्या आत निम्मा डबा पेंगायला लागलेला असतो. मागच्या पावसाळ्यात माझ्यासमोर एक काका बसले होते, त्यांचं डोकं हळूहळू पुढे यायचं, हनुवटी शर्टाच्या दुसऱ्या बटनापर्यंत पोचायची, मग एकदम झटका, डोळे उघडे, आजूबाजूला "मी जागाच होतो" असा चेहरा, आणि दोन मिनिटांत पुन्हा तेच. मला काही काम नव्हतं म्हणून मी मोजलं. इगतपुरी ते कसारा अकरा वेळा.

त्यांना हसायचा मला अधिकार नाही हे नंतर कळलं, कारण दोन महिन्यांनी मुंबईहून लंडनच्या रात्रीच्या फ्लाइटमध्ये माझंही तेच झालं, आणि माझ्या गळ्यात तर अठराशे रुपयांची नेक पिलो होती. एअरपोर्टवरच घेतलेली. दुकानात चार उशा दाबून बघितल्या, त्यातली सगळ्यात मऊ, आत बारीक मणी भरलेली, हात घातला की लोण्यासारखी, ती उचलली. नऊ-साडेनऊ तासांच्या प्रवासात तुकड्या तुकड्यात मिळून तासभर झोप झाली असेल, आणि उतरल्यावर डावीकडे मान वळेचना, ट्रॉली ढकलताना अख्खं शरीर वळवून बघत होतो.

परत आल्यावर वहिनीला दाखवलं, ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं ती उशी हातात घेतली, अंगठ्यानं दाबली, अंगठा पार दुसऱ्या बाजूला टेकला. म्हणाली, "भाऊजी, ही उशी छान आहे हो, पण ही मांडीवर घेऊन बसायची. मानेला मऊ नको असतं, मानेला टेकू हवा असतो." माझं सगळं चुकलं होतं ते इथंच, आणि मला वाटतं बहुतेकांचं इथंच चुकतं, आपण घरी झोपायची उशी निवडतो त्याच हातानं ही निवडायला जातो. घरी आपण आडवे असतो, डोक्याचं वजन सरळ गादीवर जातं, उशीनं फक्त फट भरायची असते. बसून झोपताना उशीला डोकं पडू द्यायचं नसतं. दोन्ही कामं वेगळी आहेत.

आता डोकं का पडतं ते बघू, कारण ते कळलं की उशीचं अर्धं गणित सुटतं. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलो भरतं, म्हणजे कांद्याची एक बऱ्यापैकी पिशवी, आणि ती सात मणक्यांच्या एका बारीक खांबावर ठेवलेली आहे (जिराफालाही मानेत सातच मणके असतात, फक्त एकेक वीतभर लांब). गंमत म्हणजे ही पिशवी खांबाच्या बरोबर मधोमध ठेवलेली नाही. डोक्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथं सगळं वजन एकवटलंय असं धरता येईल तो बिंदू, कवटी मणक्यावर जिथं टेकते त्याच्या थोडा पुढे येतो. म्हणजे डोकं मुळातच पुढे कलंडायला बसलेलं आहे, आणि दिवसभर मानेमागचे स्नायू त्याला लगाम खेचल्यासारखं धरून ठेवतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

डोळा लागला की हे स्नायू सैल पडायला लागतात. लगाम सुटला की डोकं आपल्या नैसर्गिक दिशेला, म्हणजे पुढे जातं, ताणले गेलेले स्नायू मेंदूला कळवतात, मेंदू दचकून लगाम खेचतो. पंचवटीतल्या काकांचे अकरा झटके म्हणजे हेच. पण ही झाली हलकी झोप. गाढ झोपेनंतर जो स्वप्नांचा टप्पा येतो, बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात म्हणून त्याला रेम झोप म्हणतात, 1953 मध्ये शिकागोच्या आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी तो जगासमोर मांडला, त्या टप्प्यात मेंदू अंगातले बहुतेक स्नायू जवळजवळ बंदच करून टाकतो, श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू सोडून. स्वप्नात पळताना आपण खरंच पलंगावरून पळत सुटू नये म्हणून केलेली ही सोय आहे. आडवं असताना सोय, बसलेलं असताना पंचाईत, कारण त्या वेळी मान म्हणजे नुसती ओली दोरी. हा टप्पा पहिल्यांदा यायला साधारण सत्तर ते नव्वद मिनिटं लागतात, म्हणजे ओझरहून, आमच्या नाशिकच्या विमानतळावरून, दिल्लीच्या दोनेक तासांच्या फ्लाइटमध्ये, त्यात नाश्त्याची ट्रॉली आणि घोषणा धरल्या तर, तुम्ही तिथपर्यंत पोचतच नाही बहुधा. त्यासाठी शाल गुंडाळून घेतली तरी भागतं, नेक पिलोवर पैसे घालू नका. रात्रभराच्या प्रवासाची गोष्ट वेगळी.

डोकं पुढे झुकलं की वजन तेवढंच राहतं पण भार वाढतो. भरलेली कळशी कमरेवर घेऊन चाला आणि तीच हात लांब करून धरून बघा, तसंच. न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज नावाच्या मणक्याच्या सर्जननी 2014 मध्ये याचा हिशोब मांडला होता, मान 15 अंश झुकली तर मानेच्या मणक्यांवर साधारण 12 किलोचा भार, 30 अंशाला 18, 45 ला 22 आणि 60 अंशाला 27 किलो. मोबाइलमध्ये मुंडी घालून बसणाऱ्यांना घाबरवायला हे आकडे खूप फिरले. ते कॉम्प्युटर मॉडेलवरून काढलेत, कुणाच्या मानेला वजनकाटा लावून नाही, त्यामुळे किलोकिलोचा वाद घालायला जाऊ नये, पण दिशा बरोबर आहे. आणि झोपेत तर स्नायू सुटलेले असल्यानं हा ताण मानेमागच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्यांवर जातो, आणि या पट्ट्या बराच वेळ ताणून ठेवल्या की हळूहळू सैलावतात, जुन्या स्वेटरच्या गळ्यासारख्या. मग सकाळी मान अवघडते. शिवाय हनुवटी छातीला टेकली की घशातली हवेची वाट अरुंद होते, विमानात जो माणूस सगळ्यात जोरात घोरतो त्याची मान बघा, नव्वद टक्के पुढेच पडलेली असेल (हा टक्का माझा अंदाज, संशोधन नाही).

आता नेहमीची यू आकाराची उशी घ्या. दोन्ही बाजूंना जाड, मागे जाड आणि पुढे उघडी. म्हणजे डोकं जिकडे पडणार आहे नेमकं तिकडेच दार उघडं! वर मागचा जाड भाग विमानाच्या सीटला टेकतो आणि डोकं दोन इंच आणखी पुढे ढकलतो. माझ्या उशीनं मला झोपवायच्या ऐवजी काकांच्या स्थितीत आणून बसवलं होतं ते असं. वहिनीचा पहिला सल्ला फुकटातला होता, तीच उशी उलटी घाला, उघडी बाजू मागे आणि जाड भाग हनुवटीखाली. दिसायला आपण थोडं विचित्र दिसतो, पण हनुवटीला खाली जागाच राहत नाही आणि मागे डोकं सीटला नीट टेकतं. फक्त गळ्यावर दाब येता कामा नये, टेकू जबड्याला हवा, नरड्याला नाही. नवीन घेत असाल तर मागे सपाट किंवा पातळ आणि पुढे बंद होणारी, क्लिपची नाहीतर वेल्क्रोची, अशी बघा.

दुसरी गोष्ट उंची. आरशासमोर सरळ बसा, खांदे सैल सोडा आणि खांद्यापासून कानाच्या पाळीपर्यंत पट्टी लावा. माझं 13 सेंटीमीटर भरलं, आमच्या चिरंजीवांचं 10. यातून थोडं वजा करा, कारण डोकं जरासं कललेलं चालतं, आणि तेवढी उंची उशी दाबल्यानंतर उरायला हवी. दाबल्यानंतर, हे महत्त्वाचं. दुकानात लटकवलेली उशी सगळीच गुबगुबीत दिसते.

मग आम्ही कांदे काढले. नाशिकच्या घरात कांदा नसेल तर काय असेल, लासलगाव काही लांब नाही. आधी मी पाच किलोची पिशवी उशीच्या बाजूवर ठेवली तर वहिनी म्हणाली हा अन्याय आहे, आणि खरंच होता. कारण डोकं बाजूला कललं तरी बरंचसं वजन मणकेच पेलतात, उशीवर सगळं येत नाही. शाळेतली साइन-कोसाइन आठवा, 30 अंशाला साइन अर्धा, म्हणजे मान 30 अंश कलली तर उशीवर येणार साधारण निम्मं, अडीच किलो. म्हणून अडीच किलो कांदे मोजून घेतले. माझी मण्यांची उशी 10 सेंटीमीटरवरून थेट 4 वर बसली, मणी दोन्ही बाजूंना पळाले आणि कांदे जवळजवळ ओट्याला टेकले. भावाकडची मेमरी फोमची होती ती 11 वरून 9 वर आली आणि तिथंच थांबली. अडीच किलो कांद्याखाली जी उशी निम्म्याच्या खाली जाते ती तुमच्या डोक्याखालीही जाणार, एवढी साधी परीक्षा. दुकानात कांदे नेता येत नाहीत हे मान्य, पण दोन बोटांनी दाबायच्या ऐवजी कोपर टेकवून त्यावर जरा भार देऊन बघता येतं.

मण्यांच्या उशीत दोष मण्यांचाच आहे, थर्माकोलचे ते बारीक दाणे एकमेकांना धरून नसतात, भार आला की पाण्यासारखे बाजूला वाहतात. मेमरी फोमचं वेगळं, तो स्पंजसारखा लगेच उसळत नाही, हळू दबतो आणि हळू वर येतो, त्यामुळे जबड्याचा आकार घेऊन बसतो. हा फोम 1966 च्या सुमारास नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी तयार केला, आणि तो मुळात विमानातल्या सीटसाठीच होता, बसायला बरा पडावा आणि आदळआपट झाली तर धक्का शोषला जावा म्हणून. आज आपण तोच फोम विकत घेऊन विमानात नेतो. त्याचा स्वभाव तापमानावर बदलतो, उबेत मऊ आणि गारठ्यात कडक, डिसेंबरात निफाडला पारा पाच-सहावर आलेला असताना पहाटे गाडीत ठेवलेली उशी हातात घेतली तर लाकडाचा तुकडा वाटेल, अंगाच्या उबेनं दहा-पंधरा मिनिटांत ताळ्यावर येते. उष्णता धरून ठेवतो आणि घाम येतो हा त्याचा खरा तोटा, म्हणून खोळ काढून धुता येत नसेल तर घेऊच नका.

हवेची उशी मला स्वतःला आवडते, खिशात मावते. पण तिच्यात एक मेख आहे. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीइतका नसतो, आपण साधारण 8,000 फुटांच्या, म्हणजे 2,400 मीटरच्या डोंगरावर बसल्यासारखे असतो, म्हणून तर चिप्सचं पाकीट वर गेल्यावर टम्म फुगतं. दाब कमी झाला की हवा पसरते, रॉबर्ट बॉइलनं 1662 मध्ये सांगून ठेवलेला नियम. नाशिक मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर वर असल्यानं ओझरहून उडालात तर उशीतली हवा फार तर पाव हिश्श्यानं पसरायला बघेल, मुंबईहून उडालात तर एक तृतीयांशानं. उशीला पसरायला जागा नसेल तर ती दगडासारखी कडक होते. म्हणून जमिनीवर अर्धवटच फुगवा, किंवा सीटबेल्टचा दिवा विझल्यावर फुगवा आणि मग एकदोन फुंका सोडून पाहिजे तशी करा. उतरताना उलटं होतं, ती आपोआप ढिली पडते, पंक्चर झाली समजून फेकू नका.

मफलरसारखी गुंडाळायची आणि आत प्लास्टिकचा सांगाडा असलेलीही एक मिळते, एका बाजूला टेकून झोपणाऱ्याला ती उत्तम, कांद्याला तर तिनं दादच दिली नाही. कूस बदलायची सवय असेल तर मात्र झोपेत उठून तिची बाजू बदलत बसावं लागतं.

आणि उशी कितीही चांगली घेतली तरी कंबर पोकळ ठेवून बसलात तर पाठीचा धनुष्य होतो आणि डोकं पुढे येतंच, तेव्हा एक पंचा गुंडाळून कमरेमागे ठेवायचा. सीट जेवढी मागे जाते तेवढी न्यायची (मागच्याला विचारून), कारण पाठ जितकी मागे कलेल तितकं डोक्याचं वजन मानेऐवजी सीटवर जातं. सीटच्या डोकं टेकायच्या भागाला बऱ्याचदा दोन्हीकडे दुमडणारे कान असतात, ते ओढून पुढे घेतले तर कधीकधी उशी लागतही नाही. लंडनच्या फ्लाइटमध्ये ते होते, मला उतरताना दिसले.

परतीच्या वेळी मी उशी घेतलीच नाही, खिडकीची सीट, शाल आणि ते कान, चार तास सलग झोपलो. अठराशेची उशी आईनं ताब्यात घेतलीये. तिनं पुढची दोन टोकं बटनानं जोडली, गोल केली आणि देवघराशेजारी तांब्याच्या घागरीखाली चुंबळ म्हणून ठेवली. घागर गोल बुडाची, पण चारही बाजूंनी सारखं वजन आलं की मणी कुठे पळणार, त्यामुळे काठोकाठ भरली तरी जराही डुलत नाही.