घशातला हर्पिस आणि हुक नसलेली ट्रॉली

केसपेपरवर ‘हर्पिस’ हा शब्द दिसला की घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. खानापूर असो, निपाणी असो की बेळगाव शहर, सगळीकडे हेच. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सणकून ताप येतो, घसा इतका धरतो की थुंकीही गिळवत नाही, डॉक्टर टॉर्च लावून बघतात आणि कागदावर निदान लिहितात. मग घरातलं कोणीतरी तो शब्द मोबाइलवर शोधतं, पहिल्याच पानावर गुप्तरोगाची माहिती येते, आणि मुलीच्या तापापेक्षा तिच्या वागण्याचीच चौकशी जास्त होते. हा त्या मुलीवर अन्याय आहे आणि तो निव्वळ अज्ञानातून होतो.

घशात सापडणारा विषाणू बहुतेक वेळा हर्पिस सिम्प्लेक्स प्रकार 1 असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे 380 कोटी लोकांच्या, म्हणजे 64 टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. तापानंतर ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका येतो, ज्याला आपण ‘ताप उतला’ म्हणतो, तो याच विषाणूचा. तो लाळेतून पसरतो: उष्टा पेला, आजीने चाखून भरवलेला घास, बाळाचा घेतलेला पापा. बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो आणि कळतही नाही. लहानपणी जे सुटतात त्यांना तो पुढे पंधरा-वीस वर्षांच्या वयात भेटतो आणि तेव्हा टॉन्सिलवर उतरतो. तेवढ्यावरून कोणाच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

कातडीला कातडी घासूनही तो जातो. 1989 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळकरी मल्लांच्या शिबिरात 175 पैकी 60 जणांना याच विषाणूचे फोड उठले होते. आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादांनी हे ध्यानात ठेवावं: ज्याच्या तोंडावर किंवा मानेवर फोडांचा पुंजका आहे, त्याने ते सुकेपर्यंत लढतीला उतरू नये.

ओळखायचं कसं? संसर्ग झाल्यावर 2 ते 12 दिवसांत ताप, अंगदुखी आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी येतात. आ करून उजेडात बघितलं तर टॉन्सिलवर आणि टाळूच्या मऊ भागावर बारीक फोड दिसतात. ते लगेच फुटतात आणि मागे उथळ व्रण राहतात, वर राखाडी-पांढरट साय, भोवती लाल कडा. हिरड्या सुजून त्यातून रक्त येत असेल किंवा ओठावरही फोड असतील तर हर्पिसचा संशय बळावतो. लहान मुलांच्या घशात मागच्या बाजूला असेच व्रण कॉक्सॅकी विषाणूमुळेही येतात, पण तेव्हा हिरड्या सहसा स्वच्छ असतात. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या घशातही टॉन्सिलवर पांढरं दिसतं. हर्पिसच्याच कुळातला एपस्टाइन-बार विषाणूही तरुणांचा घसा असाच धरतो आणि आठवडेच्या आठवडे थकवा देतो. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. शंका असेल तर कापसाच्या बोळ्याने घशातला नमुना घेऊन तपासतात. म्हणून मेडिकलमध्ये जाऊन ‘घशाच्या गोळ्या द्या’ म्हणत अँटिबायोटिक आणणं चुकीचं. विषाणूवर ते चालत नाही.

त्याहून घातक म्हणजे पडजीभ उचलणं. घसा दुखला की ‘पडजीभ पडली’ म्हणत बोटाला मीठ लावून ती वर दाबणारी माणसं आजही गावोगाव आहेत. उघड्या व्रणावर मीठ आणि बोट म्हणजे लेकराचे हाल. शिवाय विषाणू त्या बोटाच्या चिरेतून आत शिरतो आणि नखाजवळ ठणकणारे फोड येतात. हातमोजे सर्रास नव्हते त्या काळात दंतवैद्यांना हाच त्रास व्हायचा. मग तेच बोट पुढच्या लेकराच्या तोंडात जातं.

आता औषधाकडे येतो, कारण हा भाग मला फार आवडतो. जिवाणूची स्वतःची यंत्रणा असते, तिच्यावर नेम धरता येतो. विषाणू आपल्याच पेशीत घुसून आपलीच यंत्रणा राबवतो, त्यामुळे त्याला मारायला जावं तर पेशीच मरायची. हर्पिसवरच्या असायक्लोव्हिर या औषधाने ही अडचण ज्या रीतीने सोडवली, तिच्याइतकी देखणी युक्ती औषधशास्त्रात क्वचितच सापडेल.

डीएनए ही चार प्रकारच्या दुव्यांची साखळी. त्यातल्या एका दुव्यासारखंच, ग्वानोसिनसारखं, असायक्लोव्हिर दिसतं. फरक एवढाच, की त्याच्या शर्करेचं कडं अपुरं आहे आणि पुढचा दुवा ज्याला अडकतो तो हायड्रॉक्सिल गट त्यात नाही. उसाच्या हंगामात चिकोडीकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. पहिल्या ट्रॉलीला मागचा हुकच नसेल तर दुसरी जोडणार कुठे? विषाणूची साखळी तशीच तिथे थांबते.

मग आपल्या निरोगी पेशींचा डीएनएही का थांबत नाही? कारण गोळीतलं असायक्लोव्हिर जसंच्या तसं साखळीत बसतच नाही. त्याला आधी तीन फॉस्फेट जोडावे लागतात. पहिला फॉस्फेट जोडण्याचं काम थायमिडिन कायनेज या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं. आपल्या पेशीतलं हे विकर असायक्लोव्हिरला जवळजवळ हात लावत नाही. हर्पिस विषाणू मात्र स्वतःचं थायमिडिन कायनेज बनवतो, आणि ते या रेणूला लगेच फॉस्फेट चिकटवतं. उरलेले दोन आपल्या पेशीची विकरं जोडतात. एकदा फॉस्फेट लागला की रेणूवर विद्युतभार येतो आणि तो पेशीबाहेर सहज जाऊ शकत नाही. त्यामुळे बाधित पेशीत या तयार औषधाचं प्रमाण निरोगी पेशीच्या 40 ते 100 पट होतं. त्यात विषाणूचं डीएनए पॉलिमरेज, म्हणजे साखळीचे दुवे जोडणारं विकर, आपल्या पॉलिमरेजपेक्षा या खोट्या दुव्याला जास्त भुलतं आणि त्यावरच अडकून बसतं. थोडक्यात, औषधाला धार विषाणू स्वतःच लावतो. ही यंत्रणा 1977 मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या चमूत गर्ट्रूड एलियन होत्या. पीएच.डी. नसलेल्या या बाईंना 1988 मध्ये नोबेल मिळालं.

याच गोष्टीत औषधाची मर्यादाही आहे. घसा बरा झाला तरी विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंमधून मागे सरकत कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गाठीत पोहोचतो आणि तिथल्या पेशींच्या केंद्रकात डीएनएचं कडं होऊन निजतो. निजलेला असताना त्याची जवळपास सगळी जनुकं बंद असतात, थायमिडिन कायनेजचंही. विकर नाही म्हणजे पहिला फॉस्फेट नाही, आणि फॉस्फेट नाही तर औषध निरुपयोगी. ‘हर्पिस मुळापासून बरा करतो’ अशी जाहिरात करणाऱ्या काढ्यांना आणि चूर्णांना पैसे देऊ नका. ताप, कडक ऊन किंवा ताण आला की तो पुन्हा जागा होऊ शकतो, पण पुढचे फेरे सहसा ओठापुरते आणि सौम्य असतात.

म्हणून गोळी विषाणू जोरात वाढत असताना, पहिल्या 72 तासांत सुरू व्हायला हवी. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 72 लहान मुलांपैकी काहींना लवकर असायक्लोव्हिर दिलं. त्यांच्या तोंडातले व्रण साधारण 4 दिवसांत गेले, इतरांना 10 दिवस लागले. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची आणि सोबत भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर तिचे स्फटिक मूत्रपिंडात साचू शकतात. गोळी न घेताही घसा बहुधा 10 ते 14 दिवसांत बरा होतो.

तोवर आराम मिळवायचा तो साध्या गोष्टींनी. वजनानुसार पॅरासिटामॉल, पण मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही. मोठ्यांना कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. चटणी, ठेचा, लिंबू, कडक भाकरी काही दिवस बंद. त्याऐवजी गार केलेली नाचणीची पेज, दूध, मऊ भात. लहान मूल दुखतं म्हणून पाणी पीतच नाही, आणि खरा धोका तिथे असतो. सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल तर दवाखाना गाठावा. लाळ गळत राहणं, श्वासाला आवाज येणं, डोळा लाल होऊन दुखणं, बरळणं, झटका येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं.

बारशाला जाताना ओठावर ताप उतलेला असेल तर बाळाला उचलू नका, पापा घेऊ नका. घरात कोणी वाईट वाटून घेईल म्हणून गप्प राहू नका, कारण सांगा. महिन्याच्या आतल्या बाळात हा विषाणू मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत पोहोचू शकतो. असं बाळ तापलं, सुस्त झालं किंवा अंगावर पिईनासं झालं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री निघा.