मनातले दुखावलेले भाग : मानसोपचार

बालपणी मार, धाक, अपमान किंवा दुर्लक्ष सोसून दुखावलेल्या मनाच्या भागांना मायेने बरे करणारी उपचारपद्धती. मूळ नाव इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स. अमेरिकन कुटुंबोपचारक रिचर्ड श्वार्ट्‌झ यांनी ती १९८०च्या दशकात मांडली. खाण्याच्या विकारांनी गांजलेले रुग्ण ‘माझा एक भाग असं म्हणतो, दुसरा तसं’ असे सांगत; श्वार्ट्‌झ यांनी ते बोलणे मनावर घेतले.

या पद्धतीत मन हे एकत्र कुटुंब मानतात. दुखावलेले, बहुधा कोवळ्या वयाचे भाग आत कोंडलेले असतात, ते ‘एक्झाइल’. त्यांचे दुखणे वर येऊ नये म्हणून ‘मॅनेजर’ आधीच खबरदारी घेतात. तरी ते उसळलेच, तर ‘फायरफायटर’ दारूने, खाण्याने, संतापाने विझवू पाहतात. या सगळ्यांपलीकडे शांत, कनवाळू ‘स्व’ प्रत्येकात शाबूत असतो, असे ही पद्धत मानते.

समजा, वडील मुंबईला चाकरमानी. गणपतीला गावी आले की पिऊन भांडतात. पडवीत चपला वाजल्या की मुलगी माळ्यावर लपते. चाळिशीतही दारात चपला वाजल्या की तिच्या पोटात गोळा येतो आणि ती उगाच ओटा पुसत सुटते. उपचारात आधी त्या पुसणाऱ्या भागाशी बोलायचे, त्याची परवानगी घ्यायची, मग माळ्यावरच्या पोरीकडे जायचे. तिला ‘घाबरू नको’ म्हणून भागत नाही. तिने काय पाहिले ते पुरते ऐकावे लागते. ती तयार झाली की कल्पनेत तिला खाली आणायचे. ‘माझ्यामुळेच भांडण होतं’ हे तिचे ओझे ती वाऱ्याच्या, आगीच्या, पाण्याच्या हवाली करते. किनाऱ्यावर वाढलेलीला ओहोटी सुचली तर तीही चालते.

कोकणात असा त्रास ‘बाधा’ मानून उतरवण्याची जुनी सवय आहे. इथे मात्र कुठलाच भाग हाकलायचा नसतो. मला हे गाऱ्हाण्याच्या जवळचे वाटते: देवापुढे एकजण दुखणे मोठ्याने मांडतो आणि भोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत त्याच्या पाठीशी राहतात.

संशोधनाचा आधार अजून तोकडा आहे. घाईने जखमेला हात घातला तर त्रास वाढतो. भ्रम किंवा भास होत असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०२२पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोनवरही मोफत बोलता येते. घरात मारहाण अजून चालूच असेल, तर मुलासाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आधी फिरवावा.