सोमवारची सुट्टी आणि विसावा

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-साताऱ्याकडून, कर्नाटकातूनही पेशंट इथं येतात आणि मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या सभासदांपैकी, कुणी ॲडमिट झालं की फोन वाजतोच, "पाळकसाहेब, प्रार्थनेला येता का?" रविवारची उपासना उरकून सोमवारी घरी बसलेले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सुट्टीवर असतात. ते विसाव्यात असतीलच असं नाही.

सुट्टीत आपण कामावर जात नाही. विसाव्यात त्या कामाचा निर्णयच दुसऱ्याच्या हातात असतो. ओळखायची खूण साधी आहे : दिवसभर फोन आला नाही म्हणून जीव खालीवर होत असेल, तर ती नुसती सुट्टी. बायबलमधल्या विसाव्याच्या दिवसाला 'शब्बाथ' म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी 'थांबणं' आहे. बायबलच्या स्तोत्र ४६:१० मध्ये 'शांत राहा' म्हटलंय, तिथल्या हिब्रू क्रियापदात हात ढिले सोडण्याचा अर्थ आहे. मूठ आवळलेलीच ठेवून माणूस महाबळेश्वरला गेला, तरी थकूनच परततो.

बायबलमधला इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसायचा. ते पाहून त्याचा सासरा इथ्रो म्हणाला, तू थकशील आणि हे लोकही थकतील (निर्गम १८). हा दुसरा भाग आपण विसरतो. सगळं पुढाऱ्याच्या हातात राहिलं की रांगेतले लोकही उभे राहून दमतात. उपाय काय, तर हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमायचे. अवघड प्रकरणं मात्र मोशेकडेच यायची. म्हणजे त्यानं काम सोपवलं, वाऱ्यावर सोडलं नाही.

गल्लत नेमकी इथं होते. "तुम्हीच बघा आता" म्हणून पाळक निघून जातात, मर्यादा कुणालाच ठाऊक नसते, आणि परत आल्यावर झालेला निर्णय ते फिरवतात. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी कुणी पुढं येत नाही. मग तक्रार सुरू : "माणसंच मिळत नाहीत हो."

शब्बाथ संध्याकाळपासून मोजतात. तसंच रविवारी संध्याकाळी ६ ते सोमवारी संध्याकाळी ६ हे २४ तास ठरवावेत. दवाखान्याच्या भेटीसाठी मंडळीच्या एका वडिलांचं (म्हणजे जबाबदार ज्येष्ठ सभासदाचं) नाव आणि नंबर रविवारीच मंडळीला सांगावा. मयतीचं काम थांबत नाही, म्हणून अंत्यविधी कोण चालवणार हे आधीच ठरलेलं असावं. दान दोघांनी मिळून मोजावं, त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनी सही करावी. किरकोळ खर्चाला, समजा २,००० रुपयांपर्यंत, खजिनदारानं विचारायची गरज नसावी. चर्चची दुसरी किल्ली दुसऱ्या घरी असावी. (किल्ली देववत नाही, तिथंच खरं दुखणं कळतं.)

बायबलमध्ये मार्क ४ मधल्या येशूच्या दाखल्यातला (बोधकथेतला) शेतकरी बी टाकून झोपतो आणि बी रुजतं, कसं ते त्याला कळत नाही. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी पाजायला उठणारा आपल्याकडचा शेतकरी यावर हसेल. पण पेरणी आणि कापणी दाखल्यातल्या माणसालाही चुकत नाही. मधलं वाढवणं तेवढं त्याच्या हातात नाही.

सुरुवात मात्र अंत्यविधीपासून नको. आधी एका रविवारची गीतं दुसऱ्याला निवडू द्यावीत. तुमची आवडती चाल आली नाही तर मध्येच हार्मोनियमवाल्याकडे बघू नये.