पाइपातली हवा काढायची तर पाणी पळवावं लागतं

सांगली-साताऱ्याकडं ज्याच्या रानात पाइपलाइन आहे त्याला "लाइनीनं एअर धरलीय" म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मोटर चालू आहे, गेजवर प्रेशर दिसतंय आणि शेवटच्या सरीत पाण्याचा थेंब नाही. मग कुणीतरी बांधाबांधानं टेकाडापर्यंत चालत जातं, तिथला एअर व्हॉल्व ढिला करतं, फुस्स करून हवा निघते आणि मागनं पाणी येतं. आता समजा ती लाइन जमिनीत सरळ खाली १०० मीटर गेलीय, तिथनं वळून परत वर आलीय, सगळे जोड वितळवून कायमचे चिकटवलेत आणि जमिनीखाली एकही व्हॉल्व नाही, तर हवा काढायची कुठनं? थंड देशांत घरं उबदार ठेवायला जे जिओथर्मल हीट पंप बसवतात त्यांच्यात हाच प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज काढू. जिओथर्मल म्हटलं की आपल्याला घाट उतरून तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं आठवतात, पण या सिस्टीमला गरम झरा-बिरा काही लागत नाही. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास तेच राहतं, आपल्याकडं साधारण २५-२६ डिग्री, युरोपातल्या थंड भागात ८-१० डिग्री. आपल्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि मे महिन्यात गार लागतं ते यामुळंच. बाहेर बर्फ पडत असताना जमिनीतली ती ८ डिग्रीची उष्णता पाण्यातनं वर आणायची आणि फ्रिजसारख्याच कॉम्प्रेसरनं तिचं तापमान वाढवून घरात सोडायची, एवढंच काम. कल्पना जुनी आहे, लॉर्ड केल्व्हिननं १८५२ मध्येच हीट पंपाचा विचार मांडला होता आणि १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइनरिख झोएलीनं जमिनीतनं उष्णता घेण्याचं पेटंट घेतलं. पाणी एचडीपीई प्लॅस्टिकच्या काळ्या पाइपातनं फिरतं, तेच तेच पाणी, बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही, म्हणून क्लोज्ड लूप.

पाइप बोअरमध्ये सोडला, जोड मारले, चर बुजवले, की लूप तयार, पण आत काय आहे? हवा. शिवाय थोडी माती, खडे आणि जोड मारताना निघालेला प्लॅस्टिकचा भुगा. एक इंची पाइपात मीटरला साधारण ०.५८ लिटर पाणी बसतं, म्हणजे १०० मीटर खाली आणि १०० मीटर वर धरलं तर एका बोअरमध्ये ११५ लिटरच्या आसपास, आणि एका मोठ्या घराला असे पाच-सहा बोअर असू शकतात. वरनं नळी लावून पाणी भरलं तर भरल्यासारखं दिसतं खरं, पण हवा सगळी निघत नाही.

का निघत नाही ते नीट बघण्यासारखं आहे. लूप पूर्ण पाण्यानं भरलेला असेल तर खाली जाणारं पाणी आणि वर येणारं पाणी एकमेकाला तोलतात, त्यामुळं खोली ५० मीटर असो की १५० मीटर, पंपाला उंचीचा भार लागतच नाही, फक्त घर्षण मोडायचं असतं. पण खाली जाणाऱ्या पाइपात ५ मीटर हवा राहिली तर हा तोल बिघडतो. वर येणाऱ्या बाजूचं ५ मीटर पाणी तोलायला समोर वजनच उरत नाही, आणि ते ५ मीटर पंपाला स्वतः उचलावं लागतं. चढउताराच्या रानात चार टेकाडांवर थोडी थोडी एअर साठली की मोटर का दमते त्याचंही कारण हेच, प्रत्येक उतारावरच्या हवेची उंची बेरजेनं वाढत जाते. आता सहा बोअर शेजारी शेजारी एकाच हेडरला, म्हणजे सगळ्यांना पाणी वाटणाऱ्या मुख्य पाइपाला, जोडलेत आणि त्यातल्या दोघांत हवा आहे असं धरा, तर पाणी त्या दोघांच्या वाटेला जातंच कशाला? उरलेल्या चार मोकळ्या वाटा आहेत की. सिस्टीम चालू दिसते, पाणी फिरतं, आणि पैसे खर्चून पाडलेले दोन बोअर नुसते पडून असतात, बाहेरनं बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

बरं, हवा राहिली तर राहू दे असंही म्हणता येत नाही. या सिस्टीमचे छोटे सर्क्युलेटर पंप आतल्या पाण्यावरच थंड होतात आणि त्यांच्या बेअरिंगला वंगण म्हणूनही तेच पाणी असतं, हवेत फिरले की लवकर मरतात. प्रवाह कमी पडला की हीट पंप सेफ्टीवर ट्रिप होतो, भिंतीतनं रात्रभर गुडगुड आवाज येतो ते वेगळंच, आणि हवेतला ऑक्सिजन लोखंडी भाग गंजवतो.

मग उपाय काय? जास्त प्रेशर नाही, जास्त वेळही नाही. वेग.

पाण्यात बुडबुडा वर चढतो तो सेकंदाला साधारण २० ते २५ सेंटीमीटरनं. म्हणजे खाली जाणारं पाणी त्यापेक्षा हळू चाललं तर बुडबुडा प्रवाहाच्या उलटा चढत बसणार, दिवसभर पंप चालवला तरी. पाणी त्याच्यापेक्षा बरंच जोरात पळालं तरच ते बुडबुड्याला ओढत खाली नेतं आणि दुसऱ्या बाजूनं वर आणून बाहेर टाकतं. या धंद्यातला नियम आहे सेकंदाला २ फूट, म्हणजे ०.६ मीटर, आणि तो लूपच्या प्रत्येक तुकड्यात मिळाला पाहिजे. एक इंची पाइपात त्यासाठी मिनिटाला २१ लिटरच्या आसपास पाणी लागतं. गंमत बघा, सिस्टीम रोज चालते तेव्हा त्याच पाइपातनं साधारण ११ लिटरच जातं, वेग निम्मा, त्यामुळं "चालवत राहू, निघेल हळूहळू" हा आपला लाडका उपाय इथं अजिबात चालत नाही.

म्हणून एक वेगळा पंप आणतात, दीड-दोन एचपीचा, एका ट्रॉलीवर पाण्याची टाकी आणि फिल्टरसकट. टाकीतलं पाणी लूपमध्ये जातं, लूपमधलं परत टाकीत येतं. सुरुवातीला खळखळून हवा येते, मग पाणी दुधासारखं पांढरं दिसतं म्हणजे अगदी बारीक बुडबुडे, मग हळूहळू निवळतं. परतीच्या नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याखाली बुडालेलं पाहिजे, वरनं धार पडली तर तीच नवीन हवा मिसळून घेते आणि काम संपतच नाही. थोड्या वेळानं व्हॉल्व फिरवून पाणी उलट दिशेनंही पळवतात, कारण एका बाजूनं कोपऱ्यात दडून बसलेली हवा दुसऱ्या बाजूनं सुटते. फिल्टरमध्ये माती आणि काळा भुगा सापडतो, तो हीट पंपात गेला असता तर तिथल्या बारीक वाटा बुजल्या असत्या.

सहा बोअर एकदम धुवायचे तर मिनिटाला १३० लिटर लागतं. तेवढा पंप नसेल तर प्रत्येक बोअरच्या वरच्या टोकाला, माणसाला पोचता येईल अशा ठिकाणी, व्हॉल्व ठेवतात आणि एकेक करून धुतात, माझ्या मते हेच शहाणपणाचं. हेडरचीही एक गोष्ट आहे. दोन इंची हेडर शेवटपर्यंत दोन इंचीच नेला तर शेवटच्या बोअरपाशी त्यात एकाच बोअरचं २१ लिटर उरतं आणि वेग पडतो ०.१८ मीटरवर, म्हणजे हवा तिथंच मुक्काम करणार. म्हणून हेडर टप्प्याटप्प्यानं बारीक करत नेतात. आपल्याकडंही ड्रिपची सबमेन पुढं बारीक करतात पण ती पाइपाचे पैसे वाचवायला, इथं हवेला थांबायला जागा मिळू नये म्हणून.

हवा गेली हे ओळखायचं कसं? बुडबुडे दिसायचे बंद झाले एवढ्यावर चांगला मेकॅनिक विश्वास ठेवत नाही. पंप चालू ठेवून तो परतीचा व्हॉल्व बंद करतो आणि टाकीतल्या पाण्याची पातळी बघतो. पाणी दाबलं जात नाही म्हटलं तरी चालेल, २०० लिटर पाण्यावर २ बार प्रेशर वाढवलं तर ते जेमतेम २० मिली आकसतं. हवा मात्र प्रेशर दुप्पट झालं की निम्मी होते आणि तिच्या मोकळ्या जागेत टाकीतलं पाणी शिरतं. पाइप थोडा फुगतो, त्यामुळं पातळी किंचित उतरणारच, पण एक-दोन इंचापेक्षा जास्त उतरली की समजायचं अजून कुठंतरी हवा आहे, परत धुवा. शाळेतला बॉइलचा नियम इतका कामाला आलेला मी दुसरीकडं फारसा बघितला नाही.

एवढं करूनही पाण्यात विरघळलेली हवा उरतेच. १० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ डिग्रीला ८ च, पाणी तापलं की जास्तीचा बाहेर पडतो. आपल्याकडं कुणी असा लूप बसवला तर तो घर गरम करायला नाही, उलटा चालवून एसीसाठीच वापरणार, म्हणजे घरातली उष्णता जमिनीत सोडायची, आणि तेव्हा पाणी ३५ डिग्रीच्याही वर जाऊ शकतं. त्यामुळं घरातल्या पाइपाच्या सगळ्यात उंच जागी एअर सेपरेटर, म्हणजे पाण्यातनं सुटलेली हवा वेगळी काढणारं उपकरण, हवाच. गच्चीवरच्या सोलर हीटरचंही तसंच, तिथं पंप नसतो, गरम पाणी आपोआप वर चढतं आणि ती ओढ इतकी कमी असते की पाइपाला मध्ये नुसता एक उंचवटा आला तरी हवा साठून फिरणं थांबतं. थंड देशात हवा काढून झाल्यावर लूपमध्ये अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारा द्रव, घालतात, ते आधी घालत नाहीत कारण घट्ट द्रवात बारीक बुडबुडे लवकर सुटत नाहीत. आपल्याला तो खर्च नाही, महाबळेश्वरला दवाचे हिमकण होतात तेही वरवर, काही मीटर खाली काही गोठत नाही.

फक्त हे वाचून कुणी आपल्या लिफ्ट इरिगेशनच्या मोठ्या लाइनीत जोरात पाणी सोडू नका. टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांच्या मोठ्या पाइपांना बरोबर उलटा नियम लागतो. तिथं एअर व्हॉल्व असतात, हवा त्यांच्यातनं जायची असते, म्हणून रिकामी लाइन भरताना पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपासच ठेवतात. घाई केली तर हवा व्हॉल्वमधनं सुसाट निघते, संपते त्या क्षणी मागनं आलेलं पाणी एकदम थांबतं आणि त्याच्या दणक्यानं पाइप फुटतो.