कुठलं इंजिन?

नोव्हेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूहून पाटण्याला निघालेलं एक विमान इंजिनाच्या बिघाडाचा इशारा आल्यामुळे वाट बदलून नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर उतरलं. प्रवासी सुखरूप होते. देशाच्या मधोमध ३,२०० मीटरची धावपट्टी, त्यामुळे अशी वळवलेली विमानं नागपूरकरांना नवी नाहीत. अशा बातम्यांत पायलटच्या ‘तत्परते’चं कौतुक असतं. खरं तर पायलटला आधी शिकवतात ते हात आवरायला.

कॉकपिटमधला लाल इशारा म्हणजे लगेच हालचाल करा, आणि पिवळा म्हणजे आधी नीट बघा. एअरबसमध्ये लाल इशाऱ्याची घंटी वाजतच राहते, पिवळ्याची एकदाच वाजते. स्क्रीनवर बिघाड आणि त्यावरची कामं ओळीने उमटतात. टेकऑफच्या ऐन वेगात संगणक बरेच इशारे दाबून ठेवतो. आगीचा मात्र नाही. तरीही जमिनीपासून साधारण ४०० फूट वर जाईपर्यंत विमान सांभाळण्यापलीकडे कुणी काही करत नाही. तेही सोपं नसतं. जोर एकाच बाजूने लागल्यामुळे नाक बंद इंजिनाकडे वळू लागतं, ते पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून सरळ धरावं लागतं. एका इंजिनावर वर चढता येईल अशीच विमानाची रचना असते.

मग एक जण विमान उडवतो, दुसरा यादी वाचतो. इंजिन बंद करायचं झालं, तर दुसरा खटक्यावर हात ठेवून विचारतो, “एक नंबर?” पहिल्याने स्वतः पाहून “एक नंबर, कन्फर्म” म्हटल्याशिवाय खटका हलत नाही.

हा निव्वळ सोपस्कार वाटेल. पण ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये एका बोइंग ७३७ च्या डाव्या इंजिनातलं पातं तुटलं आणि वैमानिकांनी धडधाकट उजवं बंद केलं. त्याच गडबडीत डाव्याचं इंधनही कमी झालं, हादरे मंदावले आणि आपलं बरोबरच होतं अशी त्यांची खात्री पटली! केगवर्थजवळ विमान कोसळलं, ४७ जण गेले. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत एटीआर ७२ जातीच्या एका विमानाची अडचण दोन नंबरच्या इंजिनाची होती, बंद केलं गेलं एक नंबरचं. त्यात ४३ जणांचा जीव गेला.

आग असेल तर इंधन तोडून आग विझवणारी पहिली बाटली सोडतात. एअरबस ए३२० मध्ये ३० सेकंदांनंतरही इशारा राहिला तर दुसरी. आधी विमान, मग दिशा, मग बोलणं, असा क्रम असल्यामुळे टॉवरला ‘मेडे’ (जिवावरचं संकट) किंवा ‘पॅन-पॅन’ (तातडीची, पण त्याहून कमी गंभीर अडचण) नंतर कळवतात. प्रवाशांसाठीची घोषणा त्याहून उशिरा, आणि त्यात काही लपवाछपवी नसते.

ए३२० ला हवेत इंधन टाकून देता येत नाही. उड्डाणानंतर लगेच परतावं लागलं, तर विमान भरलेल्या टाक्यांसह उतरतं आणि ब्रेक भयंकर तापतात. म्हणून धावपट्टीकडेचे बंब धावत आले, की जवान इंजिनाइतकंच लक्ष चाकांवर ठेवतात.