सां मिगेलच्या पायाखालचा अजगर

फोंड्याजवळच्या एका कुळागरात मी मान वर करून उभा होतो. पोफळीच्या खोडावर सालीच्याच रंगाचा एक सरडा चिकटलेला होता. गळ्याखालचा लिंबासारखा पिवळा पडदा त्याने दोनदा फडकवला, तेव्हा कुठे तो दिसला. मग त्याने खोड सोडलं, दोन्ही कुशींतून पंख उघडले आणि मधल्या चार पोफळी ओलांडून पाचवीवर जाऊन टेकला. शेपटी धरून जेमतेम वीतभर जीव.

सोबत ताळगावचा एक मित्र होता आणि त्याची दहा वर्षांची लेक. ती म्हणाली, "अंकल, हो ड्रॅगन?"

मी हो म्हणालो. खोटं बोललो नाही. या उडत्या सरड्याचं शास्त्रीय नाव ड्रॅको डुसुमिएरी, आणि ड्रॅको म्हणजे ड्रॅगनच. पण पोर तिथे थांबली नाही. "मग चर्चमध्ये सां मिगेलच्या पायाखाली असतो, तोही खरा होता?" सां मिगेल म्हणजे ड्रॅगनला पायाखाली तुडवणारा देवदूत, सेंट मायकल. तिचा बाप दर रविवारी मिसाला जाणारा. तो माझ्याकडे बघून हसला. "सांग आता."

आधी शब्दाचं बघू, कारण निम्मा घोळ शब्दातच आहे. ड्रॅगन हा मूळ ग्रीक ‘द्राकोन’, म्हणजे मोठा साप. पंख, आग, नखं यांचा तिथे पत्ता नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की हत्तीला विळखा घालणारे ड्रॅगन भारतात राहतात. म्हणजे आपला अजगरच, जरा फुगवून सांगितलेला. म्हणून मराठी बायबलात प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातल्या ड्रॅगनला ‘अजगर’ म्हटलंय, ते मला मुळाच्या जास्त जवळचं वाटतं. त्या अजगराला सात डोकी आणि दहा शिंगं आहेत खरी, पण नवव्या वचनात ग्रंथ स्वतःच खुलासा करतो की हा सैतान. प्राणिशास्त्राचा दावा तिथे कुणी केलेलाच नाही.

बायबलच्या जुन्या करारात तर गंमत आहे. हिब्रूत ‘तन्नीन’ म्हणजे समुद्रातला अजस्र प्राणी आणि ‘तन्नीम’ म्हणजे कोल्हे. 1611 च्या इंग्रजी भाषांतरकारांनी कित्येक ठिकाणी दोन्हींचे ड्रॅगन करून टाकले. यशयाच्या पुस्तकातल्या ओसाड अवशेषांत भटकणारे ते ड्रॅगन नव्या भाषांतरांत पुन्हा कोल्हे झालेत. एका अक्षराच्या फरकाने कोल्ह्यांचे ड्रॅगन!

ईयोबाच्या पुस्तकात, 41 व्या अध्यायातल्या लिव्याथान या अजस्र प्राण्याच्या तोंडातून ज्वाळा निघतात, पण त्याचे घट्ट बसलेले खवले आणि भयंकर दात वाचताना बऱ्याच अभ्यासकांना मगर आठवते. गोव्यात ती आठवायला फार लांब जावं लागत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि फोंडा तालुक्यात पौष अमावस्येला चिखलाचं माणगें, म्हणजे मगर, थापून पूजतात. ज्या प्राण्याची भीती वाटते त्याचं वर्णन माणूस थोडं वाढवूनच करतो. कवी असला तर आगही लावतो.

कॅथलिक बायबलात एक गोष्ट आहे, जी प्रोटेस्टंट बायबलात मुख्य ग्रंथाचा भाग मानली जात नाही. दानीएलच्या 14 व्या अध्यायात बाबेलचे लोक एका ड्रॅगनला देव मानतात. राजा म्हणतो, हा जिवंत नाही असं तर तू म्हणू शकत नाहीस. दानीएल डांबर, चरबी आणि केस एकत्र उकळून त्याच्या वड्या करतो आणि त्याला चारतो. प्राणी फुटून मरतो. मला यात आवडतं ते हे की, तो प्राणी आहे की नाही यावर दानीएल वाद घालतच नाही. तो देव आहे का, एवढाच त्याचा मुद्दा.

तर ख्रिस्ती माणसाला ड्रॅगन मानायला धर्माची आडकाठी दिसत नाही, आणि न मानल्यानेही श्रद्धेचं काही बिघडत नाही. अडवतो तो सांगाडा.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना हातापायांसारख्या अवयवांच्या जास्तीत जास्त दोनच जोड्या. बेडूक, घोरपड, घार, वटवाघूळ, आपण, सगळे त्याच साच्यातले. ज्याला उडायचं असेल त्याने पुढचे पाय मोडून पंख करावेत, हा सौदा पक्ष्यांनी केला, वटवाघळांनी केला, टेरोसॉर या नामशेष झालेल्या उडत्या सरीसृपांनीही केला. चित्रातल्या ड्रॅगनला मात्र चार पायही हवेत आणि वर दोन पंखही. एकूण सहा. असा कणाधारी प्राणी ना जिवंत सापडलाय, ना दगडात.

आणि इथेच पोफळीवरचा तो वीतभर सरडा मला थोर वाटतो. चारही पाय शाबूत ठेवून त्याने पंख काढले ते बरगड्यांचे! पाच ते सात बरगड्या लांबलेल्या, त्यांच्यावर ताणलेली कातडी, छत्रीच्या काड्यांसारखी मिटणारी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, कर्नाटकात याच जातीवर केलेल्या अभ्यासात दिसलं की हवेत असताना तो पुढच्या पायांनी पंखाची कड पकडतो. म्हणजे सुकाणू हातात धरतो. फडफडवणं मात्र त्याला जमत नाही. तो फक्त तरंगत खाली येतो आणि मुख्यतः मुंग्यांवर जगतो.

या सरड्यांच्या प्रजातीला (जीनसला) ड्रॅको हे नाव 1758 साली लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने दिलं. तो पाद्र्याचा मुलगा, स्वतः श्रद्धाळू. 1735 मध्ये हॅम्बुर्गमध्ये त्याला सात तोंडांचा एक पेंढा भरलेला राक्षसी प्राणी दाखवण्यात आला. मालक शहराचा महापौर, आणि तो मोठ्या किमतीला विकायचा होता. लिनियसने जवळून बघितलं तर जबडे आणि पाय मुंगसासारख्या एका छोट्या प्राण्याचे, वर सापाची कातडी. प्रकटीकरणातला ड्रॅगन लोकांना दाखवायला साधूंनी तो बनवला असावा, असा त्याचा अंदाज. त्याने ते चारचौघांत सांगून टाकलं. किंमत कोसळली आणि लिनियसने घाईने शहर सोडलं. बायबल मानणाऱ्याच माणसाने बायबलच्या नावाचा बनाव उघडा पाडला.

काही ख्रिस्ती पंथ म्हणतात, ड्रॅगनच्या कथा म्हणजे माणसाने पाहिलेले डायनोसॉर. हे मात्र जमत नाही. पक्षी सोडले तर डायनोसॉर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपले, आपली जात जेमतेम 3 लाख वर्षांची. कॅथलिक चर्चला तर या गणिताची अडचणही नाही. उत्क्रांती ही गृहीतकापेक्षा अधिक काही आहे, असं पोप जॉन पॉल दुसरे 1996 मध्ये म्हणाले. गोव्यात डायनोसॉरची हाडं शोधू नका, एवढं जाता जाता सांगतो. इथले मूळ खडक डायनोसॉरच्या कितीतरी आधीचे. खाणींनी डोंगर पोखरले तरी हाती लागलं ते लोखंड.

पुढच्या रविवारी मित्राचा मेसेज आला, सोबत सां मिगेलच्या मूर्तीचा फोटो. पायाखालच्या प्राण्याचे अवयव लेकीने मिसानंतर मोजले होते. दोन पाय, दोन पंख. म्हणजे हिशेब वटवाघळाचा, आक्षेप घ्यायला जागा नाही. खाली तिने बापाकडून एक ओळ लिहून घेतली होती: शेपटीच्या टोकाला बाण आहे, तो कुठल्या हाडाचा?