सायकलपटूंमधील व्यसन व एकाकीपण

व्यावसायिक सायकल शर्यतींतील खेळाडूंची व्यसनाधीनता, त्यांचे एकटेपण आणि त्यांच्याशी निगडित मानसिक आजार.

शर्यतीतला थकवा मारण्यासाठी उत्तेजके घेण्याची प्रथा १९व्या शतकाच्या अखेरीस, सहा दिवस चालणाऱ्या शर्यतींच्या काळात रुळली असावी. कॅफीन, कोकेन व स्ट्रिक्निन ही तेव्हाची द्रव्ये. यांतले स्ट्रिक्निन कोकणात काजरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या बियांत असते. उत्तेजकाचा पहिला बळी म्हणून वेल्सच्या आर्थर लिंटनचे नाव दिले जाते आणि काही ग्रंथांत त्याचा मृत्यू १८८६ साली बोर्दो–पॅरिस शर्यतीत झाल्याचे म्हटले आहे. ते टिकण्यासारखे नाही. ती शर्यतच १८९१ साली सुरू झाली. लिंटन वारला १८९६ मध्ये, शर्यतीनंतर काही आठवड्यांनी, आणि तत्कालीन नोंदी विषमज्वराचे कारण देतात. प्रशिक्षकाने दिलेल्या द्रव्यांनी त्याची प्रकृती आधीच ढासळली होती, हे मत शक्यतेच्या कोटीतले आहे. टूर द फ्रान्स शर्यतीत माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर मरण पावलेला ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन याच्याबाबत (१३ जुलै १९६७) असा संदिग्धपणा नाही. शवविच्छेदनात ॲम्फेटामाइन व मद्य आढळले. उष्मा आणि चढ यांनी उरलेले काम केले.

पुढच्या काळात वेदनाशामके आली. ट्रामाडॉल हे अफूवर्गीय औषध असून त्याची सवय लागते, शिवाय गुंगीने घोळक्यात अपघाताचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने मार्च २०१९ पासून आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात त्यावर बंदी घातली. भारतात ते २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे.

शर्यतीतील द्रव्ये माणसाला व्यसनाकडे नेतात, की एकटेपण आधी येते आणि द्रव्य त्याची जागा भरते, याविषयी मतभेद आहेत. इटालियन सायकलपटू मार्को पान्तानीचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते. ५ जून १९९९ रोजी रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त, ५२ टक्के भरल्याने जिंकत आलेल्या जिरो द’इटालिया शर्यतीतून त्याला काढण्यात आले. १४ फेब्रुवारी २००४ रोजी रिमिनी येथे हॉटेलच्या खोलीत तो एकटा मृतावस्थेत सापडला, कारण कोकेन. मधली वर्षे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जानेवारी २०२१ मध्ये डच सायकलपटू टॉम ड्यूमूलाँने कोणत्याही द्रव्याचा प्रश्न नसताना मनावरच्या ओझ्यामुळे सराव सोडला आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. वेळीच थांबू दिलेला खेळाडू परत येऊ शकतो, हे त्यातून दिसते.

कोकण किनाऱ्यावर व्यावसायिक सायकल शर्यतींची मोठी परंपरा नाही. ट्रॅकवर सराव करायचा तर पुण्याला बालेवाडी गाठावी लागते. मात्र एकटेपणाला पोषक अशी परिस्थिती इथे आहे. रेवस–रेडी सागरी मार्गावर खाडीपासून सड्यापर्यंत (कातळाच्या पठारापर्यंत) चढायचे, पुन्हा पुढच्या खाडीला उतरायचे, आणि दाभोळ किंवा जयगडला तरीची (फेरीबोटीची) वाट पाहायची. तासन्‌तास सोबत कुणी नसते. जून ते सप्टेंबर पावसामुळे रस्ता सुटतो आणि उरते पडवीतले होम ट्रेनर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवण्याचे साधन. बरोबरीची मुले नोकरीसाठी मुंबईला गेलेली असतात. अशा मुलाचे अबोलपण घरात सरावाचा थकवा म्हणून दुर्लक्षिले जाते, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्या नावालाच लोक बिचकतात. टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. उत्तेजक चाचणीत अडकू या भीतीने उपचार टाळण्याचे कारण नाही: नैराश्यावरील बहुतेक औषधे बंदीच्या यादीत नाहीत. एकाग्रतेच्या विकारावर दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटसारख्या औषधासाठी मात्र उपचारार्थ सवलतीचा अर्ज करावा लागतो. त्यामुळे आपण स्पर्धक आहोत हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.